धर्मस्वातंत्र्य कोणाचे?

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यात मढी हे कानिफनाथांचे क्षेत्र आहे. तेथील यात्रा मोठी, आणि तीत भरणारा गाढवांचा बाजार तर साऱ्या महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. ह्या गावच्या ग्रामसभेने फेब्रुवारी २०२५ मध्ये असा ठराव केला की, यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांस दुकाने मांडू देऊ नयेत. कारण असे दाखविण्यात आले की, यात्रेच्या आधी गावकरी जी व्रते व पथ्ये पाळतात ती हे व्यापारी पाळीत नाहीत, आणि त्यामुळे भाविकांच्या धर्मभावनेस धक्का बसतो. पुढे पाथर्डीच्या गटविकास अधिकाऱ्यांनी हा ठराव नियमबाह्य ठरविला. तेवढ्याने प्रकरण मिटले असे पुष्कळांस वाटेल; आम्हांस तसे वाटत नाही.

ठराव रद्द झाला तो तो ग्रामसभेचा होता म्हणून. ग्रामपंचायत ही सरकारचे अंग आहे. तिला राज्यघटनेचे पंधरावे कलम बांधते, आणि कोणत्याही नागरिकाचा धंदा त्याच्या धर्माकडे पाहून तिला बंद करता येत नाही. परंतु हाच ठराव एखाद्या खाजगी यात्रा-समितीने, बाजाराच्या जागेच्या मालकाने किंवा गृहनिर्माण संस्थेने केला असता तर? घटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव ह्यांत शिरण्याचा हक्क सांगितला आहे; घटनाकारांच्या डोळ्यांपुढे उंबरठ्याबाहेर उभे ठेवलेले गिऱ्हाईक होते, बाजाराबाहेर उभा ठेवलेला दुकानदार नव्हता. आणि ज्या शब्दाच्या आधारावर त्याला बाहेर ठेवावयाचे तो शब्दही साधा नाही. ‘आम्हांस ह्यांचा द्वेष आहे’ असे कोणी म्हणत नाही. ‘आमचे धर्मस्वातंत्र्य आहे’ असे म्हणतात. ह्या शब्दापुढे कायदा बिचकतो, न्यायालय बिचकते, आणि सभ्य माणूसही बिचकतो. म्हणून हे स्वातंत्र्य नेमके कोणाचे, देवापुढे हात जोडणाऱ्या माणसाचे की त्याला देवळातून, स्मशानातून अगर बाजारातून बाहेर काढणाऱ्या मंडळाचे, ह्याचा विचार व्यापारी वर्गाने तरी स्वच्छपणे केला पाहिजे.

हा वाद आपल्याकडे नवा नाही. ग्रामण्य हा शब्द आजच्या तरुणांस कोशात शोधावा लागेल; पण १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहाच्या पेल्यावरून न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक ह्यांच्यासारख्यांसही शंकराचार्यांच्या पुढे प्रायश्चित्ताचा प्रश्न सोडवावा लागला, एवढे सांगितले म्हणजे त्याचा अर्थ कळेल. रानडे-टिळकांचे त्यात फारसे बिघडले नाही. बिघडते ते सामान्य माणसाचे. ज्याच्या मुलीचे लग्न अडते, ज्याच्या प्रेताला खांदेकरी मिळत नाहीत, ज्याची उधारी एका रात्रीत बंद होते त्याचे. कंपनी सरकारने १८५० साली एकविसावा कायदा करून ठरविले की, धर्म सोडल्यामुळे किंवा जातीबाहेर टाकल्यामुळे कोणाचाही वारसा अगर मिळकत बुडणार नाही. त्या वेळी त्याविरुद्ध अर्ज गेले, ते ‘आमच्या धर्मात हात घालता’ अशाच तक्रारीचे. भावाचा वाटा गिळण्याचा हक्क हा धर्माचा भाग आहे असे शपथेवर सांगणारी माणसे तेव्हाही होती.

महाडच्या चवदार तळ्याची हकिगत सर्वांस ठाऊक असली तरी तिचा कोर्टातील उत्तरार्ध थोड्यांस ठाऊक आहे. रावबहादूर बोले ह्यांचा ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला, महाडच्या नगरपालिकेने त्यास अनुसरून तळे सर्वांस खुले केले, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी सहकाऱ्यांसह तेथील पाणी घेतले. त्यानंतर सनातनी मंडळींनी जे केले ते लाठीपुरते थांबले नाही. त्यांनी दिवाणी दावा लावला. त्यांचे म्हणणे असे की, अस्पृश्यांस ह्या तळ्यापासून दूर ठेवण्याची आमची अनादि वहिवाट आहे, आणि ती वहिवाट हा आमचा कायदेशीर हक्क आहे! डिसेंबर १९२७ मध्ये त्यांस तात्पुरता मनाईहुकूमही मिळाला. दावा महाडास फेटाळला गेला, ठाण्याच्या कोर्टातील अपील फेटाळले गेले, आणि अखेरीस १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. पाणी पिण्याच्या हक्काला कोर्टाची पायरी उतरावयास दहा वर्षे लागली.

परंतु निकाल कोणत्या आधारावर झाला तेही पाहावे. वहिवाट अन्यायाची आहे म्हणून दावा फेटाळला गेला नाही. ती अनादि असल्याचे वादींस सिद्ध करता आले नाही म्हणून फेटाळला गेला. जुनी कागदपत्रे अधिक भक्कम निघती तर काय झाले असते, हा प्रश्न त्या निकालात तसाच शिल्लक राहिला. त्याचे उत्तर पुढे घटनेच्या सतराव्या कलमाने दिले. माणसाला दूर लोटण्याचा हक्क जुना आहे की नवा, हे मग विचारावयाचे कारणच उरले नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांनी, १९४९ साली, मुंबई प्रांताच्या विधिमंडळाने जातिबहिष्कार प्रतिबंधक कायदा केला. कोणत्याही समाजाने आपल्या माणसास वाळीत टाकून त्याचे दिवाणी कोर्टात मागता येण्याजोगे हक्क काढून घेतले तर तो बहिष्कार रद्दबातल समजावा, आणि बहिष्कार घालणाऱ्यास एक हजार रुपयांपर्यंत दंड व्हावा, असा त्याचा सरळ आशय. हा कायदा हिंदूंच्या जातींस लागू होता, तसा मुसलमानांच्या जमातींसही लागू होता. दाऊदी बोहरा समाजाचे तेव्हाचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन ह्यांनी त्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. बहिष्कार घालून पंथाची शिस्त राखणे हा आमच्या धर्मव्यवहाराचाच भाग आहे, आणि आपल्या धर्मव्यवहाराची व्यवस्था पाहण्याचा हक्क सव्विसाव्या कलमाने प्रत्येक पंथास दिला आहे, असा त्यांचा मुद्दा होता. १९६२ साली पाच न्यायाधीशांपैकी चौघांनी तो मान्य केला आणि कायदा रद्द झाला. बहुमताचे म्हणणे असे की, धार्मिक कारणासाठी घातलेल्या बहिष्काराने माणसाचे दिवाणी हक्क जातात हे खरे असले तरी त्यामुळे त्या बहिष्काराचे धार्मिक स्वरूप जात नाही.

एकटे सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा विरुद्ध मताचे होते. बहिष्कृताची स्थिती अस्पृश्याहून वेगळी राहत नाही, आणि हा कायदा धर्मस्वातंत्र्य हिरावून घेत नसून ते व्यक्तीच्या पदरात घालतो, असे त्यांनी लिहिले. आमच्या मते त्या दिवशी न्यायालयात एका माणसाने घटना वाचली आणि चौघांनी तिचे एक कलम वाचले. हे शब्द कठोर आहेत, पण कारण सांगतो. पंचविसाव्या कलमात सद्सद्विवेकाचे व धर्माचरणाचे स्वातंत्र्य ‘सर्व व्यक्तींस’ दिले आहे, आणि ते इतर मूलभूत हक्कांच्या अधीन ठेवले आहे. सव्विसाव्या कलमात पंथास हक्क दिला तेव्हा ‘इतर हक्कांच्या अधीन’ हे शब्द तेथे आले नाहीत. केवळ सार्वजनिक सुव्यवस्था, नीती व आरोग्य एवढेच आले. ह्या एका उणीवेचा अर्थ असा झाला की, माणसाच्या श्रद्धेवर जितकी बंधने आहेत तितकी मंडळाच्या हुकमावर नाहीत. घटनेचा आरंभ माणसापासून होतो. तीत मंडळाला माणसाच्या वर बसविण्याचा हेतू असावा, हे आम्हांस पटत नाही.

ह्या निकालाविरुद्ध बोहरा समाजातील सुधारकांनीच १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. १० फेब्रुवारी २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने १९६२ च्या निकालाचा फेरविचार व्हावा असे म्हणून तो प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविला. मधली सदतीस वर्षे कोठे गेली हे विचारण्यात अर्थ नाही. अर्जदारांपैकी कित्येक तेवढ्यात निघून गेले. आमचा आग्रह एका गोष्टीविषयी आहे. ह्या प्रश्नास कोणी बोहऱ्यांचा प्रश्न म्हणून बाजूस सारू नये, आणि कोणी त्याचा उपयोग मुसलमानांस नावे ठेवण्यासाठीही करू नये. हिंदूंच्या जातपंचायतींची दप्तरे उघडली तर तीत काय निघते हे महाराष्ट्राने डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हयातीत पाहिले आहे. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांस चढू द्यावे की नाही ह्यासाठी २०१६ साली उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. तेथे सरकारला आपलाच १९५६ चा मंदिरप्रवेशाचा कायदा साठ वर्षांनी आठवला. त्याच वर्षी त्याच न्यायालयाने हाजी अलीच्या दर्ग्यातील मजारीपर्यंत जाण्याचा स्त्रियांचा हक्कही मान्य केला. दार बंद करणाऱ्यांचा धर्म वेगळा असतो. कडी एकाच लोहाराकडची असते.

ह्याच विचाराची एक फांदी घरांपर्यंत पोहोचली आहे, आणि ती आमच्या वाचकांच्या अधिक जवळची आहे. अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेचा नियम असा की, पारशाखेरीज कोणास सभासद करावयाचे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली तो नियम वैध ठरविला. पारशी समाज लहान, त्याची भीती समजण्याजोगी. परंतु जे तत्त्व लहानास ढाल म्हणून दिले ते मोठ्याच्या हाती पडले म्हणजे तलवार होते. आज मुंबईत आणि मुंबईभोवतालच्या गावांत भाड्याचे घर शोधणाऱ्यास आधी नाव, मग आडनाव, मग स्वयंपाकघरातील पदार्थ विचारले जातात, हे कोणत्याही दलालास विचारावे. तेथे उत्तर मिळते ते ‘आमच्या संस्थेचा धार्मिक रिवाज’ असे.

अमेरिकेत हीच गोष्ट वेगळ्या वेषात घडली. साउथ कॅरोलिनातील एका खानावळवाल्याने काळ्या लोकांस आत बसवून जेवू घालण्यास नकार दिला, आणि वर्णमिश्रण माझ्या धर्माविरुद्ध आहे अशी कैफियत दिली. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली ती पोकळ म्हणून झिडकारली. परंतु २०१५ साली इंडियाना संस्थानाने धर्मस्वातंत्र्याचा जो कायदा केला त्याच्या आधारे दुकानदारास समलिंगी गिऱ्हाईक परत पाठविता येईल अशी भीती निर्माण झाली. तेव्हा बोभाटा सर्वांत मोठा केला तो व्यापाऱ्यांनी व कारखानदारांनी, आणि मार्चमध्ये सही झालेला कायदा एप्रिलच्या आरंभीच दुरुस्त करावा लागला. गिऱ्हाइकाची जात विचारणारे दुकान शेवटी कोणाचेच राहत नाही, हे व्यापाऱ्यास पुढाऱ्याआधी कळते. तो वाद तेथे अद्याप संपलेला नाही. २०२३ च्या एका निकालाने भाषणस्वातंत्र्याच्या नावाखाली नकाराची एक खिडकी पुन्हा किलकिली झाली आहे.

कोणी म्हणेल, मग तुम्ही पंथास काही हक्क ठेवणारच नाही काय? ठेवू, आणि मनापासून ठेवू. गाभाऱ्यात मंत्र कोणता म्हणावा, इमाम कोणास नेमावे, दीक्षा कोणास द्यावी, उपवास कसा सोडावा हे सरकारने ठरवू लागणे म्हणजे दुसऱ्या टोकाची आपत्ती आहे. एखाद्याने पंथाचे मूळ मत नाकारले तर ‘तू आमच्या मताचा नाहीस’ असे म्हणण्याचा हक्क पंथास असलाच पाहिजे. पण तेवढे म्हणून झाल्यावर त्याच्या बापाच्या कबरीशेजारची जागा, त्याची राहती खोली, त्याच्या दुकानावरील उधारी, त्याच्या मुलीच्या लग्नाचा हॉल ह्यांवर हात टाकण्याचा अधिकार कोठून आला? मताचा वाद मतापुरता राहील तोवर तो धर्माचा. पोटापर्यंत, पाण्यापर्यंत आणि प्रेतापर्यंत पोहोचला की तो दिवाणी न्यायाचा झाला. ही रेघ प्रत्येक प्रकरणात सरळ ओढता येत नाही हे आम्हांस मान्य आहे. तथापि ओढावयाचीच नाही, असे म्हणणारे लोक नेहमी रेघेच्या सोईच्या बाजूस उभे असतात.

उलट दिशेने येणारा धोकाही सांगितला पाहिजे. ‘धर्मस्वातंत्र्य’ हे नाव धारण करणारे कायदे ओरिसात १९६७ साली व मध्य प्रदेशात १९६८ साली झाले. नंतर इतर प्रांतांत झाले. बळजबरीने वा फसवणुकीने धर्मांतर करवू नये, हा त्यांचा उघड हेतू. त्यास कोण ना म्हणेल? परंतु ह्यांतील कित्येक कायद्यांत धर्म बदलणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास आगाऊ कळविले पाहिजे अशी अट आहे. हिमाचल प्रदेशाच्या २००६ च्या कायद्यात तर मूळ धर्मात परत जाणाऱ्यास ही अट माफ होती. एका दिशेने जाणाऱ्यास नोटीस, दुसऱ्या दिशेने येणाऱ्यास सूट! तेथील उच्च न्यायालयाने २०१२ साली हे कलम रद्द केले ते योग्यच केले. तरी उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्यात लगतच्या पूर्वधर्मात परत जाणे हे धर्मांतरच समजावयाचे नाही, अशी तरतूद पुन्हा आली. महाराष्ट्र सरकारनेही फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली ह्या विषयाचा विचार करण्यास समिती नेमली. ज्या महाराष्ट्राच्या माणसाने १९३५ साली येवल्यास धर्मत्यागाची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लाखो अनुयायांसह बौद्ध धर्म घेतला, त्या महाराष्ट्राने अशा कायद्याची कसोटी एकाच प्रश्नाने घ्यावी: त्या दिवशी दीक्षाभूमीवर जमलेल्या प्रत्येक बाईने व बाप्याने आधी कलेक्टर कचेरीत फॉर्म भरावयास हवा होता काय?

बहिष्काराच्या बाबतीत मात्र महाराष्ट्राने एक पाऊल इतर प्रांतांच्या पुढे टाकले आहे. विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये मंजूर केलेला सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. स्मशान, सभागृह, पूजास्थान, लग्नकार्य ह्यांत अडथळा आणणे त्यात गुन्हा ठरले आहे. हा कायदा अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव पायपीट करून मिळविला, हे विसरता कामा नये. तथापि त्यात एक भोक आहे. त्याने पाहिला आहे तो एकाच समाजातील माणसांनी आपल्यातीलच माणसावर घातलेला बहिष्कार. एका समाजाने दुसऱ्या समाजाच्या दुकानदारावर, भाडेकरूवर अगर कारागिरावर ठरवून बहिष्कार घातला तर हा कायदा बहुतेक मुका आहे. मढीचा दुकानदार ह्यात बसत नाही.

आणि भिवंडीत ह्या भोकातून काय शिरू शकते हे आम्ही कोणास सांगावे? ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी येथे जे झाले त्याची चौकशी न्यायमूर्ती मादन ह्यांच्या आयोगाने केली. त्या चौकशीत भिवंडी व जळगावबरोबर महाडचेही नाव होते, हे मनास लागते. १९८४ मध्ये पुन्हा तेच. दोन्ही वेळी माणसे मेली ती मेलीच, पण जी जगली तीही पुष्कळ दिवस एकमेकांच्या पेढीची पायरी चढली नाहीत. त्यानंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे ह्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, आणि १९९२-९३ च्या भयंकर दिवसांत मुंबई जळत असता भिवंडी शांत राहिली. ह्याचे श्रेय समित्यांस आहे, तसे येथील धंद्याच्या घडणीसही आहे. सूत एकाच्या पेढीचे, सायझिंग दुसऱ्याचे, यंत्रमाग तिसऱ्याचा, मागावर उभा असलेला कारागीर उत्तर प्रदेशातून अगर तेलंगणातून आलेला, तयार माल उचलणारा दलाल पाचवा, आणि गोदाम सहाव्याचे. ह्या साखळीतील एकानेही ‘माझ्या धर्मास हे चालत नाही’ म्हणून आपली कडी सोडली तर बीम मागावर चढणार नाही. कोणाचा ठराव अमक्याच्या सुताविरुद्ध, कोणाचा फतवा तमक्याच्या मालाविरुद्ध, अशी पत्रके मोबाईलवर फिरतात. आणि ती फिरविणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात एक मीटर कापड विणलेले नसते.

आमच्या वाचकांतील व्यापारी मंडळींस आमची विनंती आहे की, येथील यंत्रमागधारकांच्या व कापडव्यापाऱ्यांच्या संस्थांनी ह्या विषयावर आपले मत लेखी ठरवून सरकारकडे पाठवावे. महापालिकेनेही आपल्या मालकीच्या जागेत भरणाऱ्या प्रत्येक जत्रेच्या, बाजाराच्या व सभागृहाच्या परवानगीत अट घालावी की, गाळा अगर जागा देताना धर्म व जात विचारता येणार नाही. मग तो आयोजक कोणत्याही धर्माचा असो. एवढे करण्यास नवा कायदा लागत नाही. २०१६ च्या कायद्यातील भोक बुजविण्यास मात्र लागतो. त्यातील ‘समाज’ ह्या शब्दाची व्याख्या रुंद करणारे दोन कलमांचे विधेयक आमच्या भागातील आमदारांपैकी कोणीही पुढील अधिवेशनात मांडू शकतो. अशासकीय विधेयक मांडण्यास त्यास मंत्रिमंडळाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.